आवतन दिलेला बैल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचे आधारस्तंभ आदरणीय भुजंगराव, मुख्याध्यापक सुदर्शन सर, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती ज्योत्स्नाबाई सोनकांबळे, समोर बसलेले पालक, माताभगिनी, आणि सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. निवृत्त मराठी शिक्षकाला असं सांगण्यात केवढा धोका असतो, हे सुदर्शन सर जाणतात. म्हणून मघाशी त्यांनी कानात सांगितलं, ‘सर, कविता नको, चहा गार होईल.’ बरं, कविता नाही म्हणत. मात्र माझं सारं आयुष्य कवितेच्या तासात गेलं, त्याला इलाज नाही. माझ्या कवितांमधले बैल तिन्हीसांजेला घुंगरं वाजवत घरी येत. डोळे मिटले की अजून येतात. ते घरी आल्यावर, म्हातारे झाल्यावर पुढं काय होतं, हे कुठल्या कवीनं आम्हाला सांगितलं?

ते चौथीच्या वर्गाला ज्योत्स्नाबाईंनी सांगायला घेतलं. आता सगळीकडं मॅडम म्हणायची पद्धत आहे, पण या गावात त्या बाईच राहिल्या. त्यांचा एक रिवाज होता. फळ्यावर ‘प्राण्यांवर दया करा’ असं वाक्य त्या कधी लिहीत नसत. मुलांना बाहेर नेत आणि विचारत, ‘ह्याला कुठं दुखतंय, सांगा बघू.’ कुत्रं लंगडत असेल तर कोणता पाय, शेळी चरत नसेल तर का. सांगता आलं की मग पुढचं. मी मधल्या सुट्टीत मुलांना गाणी शिकवायला येत असे, तेव्हा हे बघत बसायचो.

शाळेच्या मागच्या लिंबाखाली एक तांबडा बैल बांधलेला असे. हौश्या त्याचं नाव. आपल्या अध्यक्षांचा बैल. भुजंगराव, मी हे सांगू का, असं मी तुम्हाला काल विचारलं होतं, आणि तुम्ही ‘सांगा की, खोटं थोडंच हाय’ म्हणालात. म्हणून सांगतो आहे.

ट्रॅक्टर आला, जोडीतला दुसरा बैल गेला, हौश्या एकटा उरला. वय झालेलं. सकाळी त्याला स्वतःहून उठता येईना. माणसं लावून उठवावा लागे. एकदा उभा राहिला की मग दिवसभर उभा. मुलांनी बाईंना बरोबर सांगितलं, मागचे गुडघे दुखतात आणि खांद्यावरची जुनी गाठ दुखते. मग कुणी पाणी आणलं, कुणी उसाचं वाढं. भुजंगरावांची नात पुनम त्याच वर्गात. तिचा तर तो घरचाच.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडं खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळायची, आणि त्याच्या कानात म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ त्या वर्षी भुजंगरावांनी तो मान चौथीच्या वर्गाला दिला. सगळ्या पोरांचे हात पिवळे. दुसऱ्या दिवशी हौश्या मिरवला, पुरणपोळी खाल्ली. मला कितीतरी वर्षांनी लहानपणचा पोळा दिसला, मी तर तिथंच गुणगुणायला लागलो.

पण पोळ्यानंतर हौश्याला गोशाळेत पाठवायचं ठरलं होतं. भुजंगरावांच्या लातूरला नोकरीला असलेल्या मुलानं टेम्पोही सांगून ठेवला होता. पुनमच्या कानावर ते आलं. आणि मंडळी, या पोरांनी काय करावं? पोळ्याच्याच संध्याकाळी वाटीभर तेल-हळद घेऊन पुन्हा लिंबाखाली हजर. पुन्हा खांदा चोळला, पुन्हा कानात आवतन. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, तर पुनम आजोबांना म्हणाली, ‘त्याला आज जेवायला बलावलंय. जेवल्याबिगर कसा जाईल?’

भुजंगरावांनी टेम्पो माघारी धाडला. मुलगा फोनवर चिडला, तेव्हा हे म्हणाले, ‘आवतन दिलेल्याचं दावं मी सोडणार न्हाई.’

मग रोज तेच. शाळा सुटली की खांदेमळणी, रोज उद्याचं आवतन, रोज कुणाच्या तरी डब्यातली अर्धी भाकर. गावात टिंगल झाली, ‘भुजंगरावाच्या घरी बारमाही पोळा चाललाय.’ बाईंना मी म्हणालो, तुम्ही जिंकलात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘सर, उठवायला माणसं कुठून आणायची? पोरांचं आवतन त्याला उभा करत न्हाई.’

खरंच होतं. तरणी माणसं कामाला बाहेरगावी. भुजंगराव आणि दोन म्हातारे शेजारी मिळून बैल उठवायचे, आणि एकदा तिघंही खाली बसले. हौश्याच्या कुशीला जखमा व्हायला लागल्या. बाईंनी गुरांच्या डॉक्टरला आणलं, औषध झालं. उठवणार कोण, त्याला औषध नव्हतं.

मग एका संध्याकाळी पोरं वाटी घेऊन आली, तेव्हा भुजंगराव लिंबाखाली उभे होते. मीही होतो. ते म्हणाले, ‘पोरांनो, खांदा चोळा. पण आज आवतन देऊ नका रे.’

पुनम खांदा चोळत राहिली, अंधार पडेपर्यंत. कानाकडं वळली नाही. सकाळी टेम्पो आला.

मुलांनी बाईंच्या मागं लकडा लावला, तो तिथं जेवतो का बघून या. चतुराबाईंनी, म्हणजे पुनमच्या आजीनं, पोळी करून फडक्यात बांधून दिली. रविवारी बाई एसटीनं गेल्या. सोमवारी त्यांनी वर्गात जे सांगितलं, ते मी दारात उभा राहून ऐकलं.

गोशाळा वाईट नव्हती. माणसं भली, पाणी होतं, उठवायला यंत्रही होतं. पण जनावरं फार आणि चारा थोडा. हौश्या पार मागं, भिंतीकडं उभा होता. बाईंनी हाक मारली, ‘हौश्या!’ तर सगळ्याच बैलांनी माना वर केल्या.

‘मग?’ पुनमनं विचारलं.

‘मग पुढं आलेल्या एका बैलानं पोळी खाल्ली.’

‘बाई, ती हौश्याची होती.’

‘हाव. हौश्याचीच होती.’

‘मग दिली कशाला?’

‘त्याला बी भूक लागली होती, पुनम. मला हात मागं घेता आला न्हाई.’

वर्गात भांडण जुंपलं. निम्मी पोरं म्हणाली बाईंचं चुकलं, निम्मी म्हणाली बरोबर. एक जण म्हणाला, सगळ्यांना पोळ्या नेऊ. दुसरा म्हणाला, रोज कोण नेणार? शेवटी सगळे बाईंकडं बघायला लागले. बाईंनी फळ्याकडं तोंड केलं, खडू हातात घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. घंटा झाली.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘सर, इथपर्यंत शिकवलं. ह्याच्या पुढं काय शिकवू?’

एवढ्या कविता पाठ असलेला मी माणूस. मला एक ओळ सुचली नाही. आजही सुचलेली नाही. बाई आज निवृत्त होत आहेत आणि माझ्याकडून त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं आहे. या सभागृहात कुणाला ते ठाऊक असेल, तर कृपा करून चहाच्या वेळी बाईंना गाठा. त्या अजून विचारात आहेत, मी बघतो आहे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा आणि शाळेचा ऋणी आहे. बोलताना कुणाचं मन दुखलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर म्हातारा आहे म्हणून पदरात घ्या. बाई, तब्येतीला जपा. सुदर्शन सर, चहा गार झाला असेल तर तो दोष माझा.

नमस्कार.