चेन सोडू नका, दाजी

(गॅरेज. मोटरसायकल स्टँडवर, तिची टाकी बाकावर. मिस्त्री स्टुलावर हाताची घडी घालून बसलाय. त्याच्या बहिणीचा नवरा इंजिनाच्या आतली चेन बोटानं धरून उघड्या इंजिनावर ओणवा झालाय.)

मिस्त्री : चेन सोडू नका, दाजी! बोट काढलंत की ती गेली खाली. मग अख्खं इंजिन उतरवायला लागेल.

दाजी : अरे, मग जरा वेळ तू धर की! बोटाला मुंग्या आल्यात माझ्या.

मिस्त्री : मी हात लावणार नाही. आधीच सांगितलं होतं. ताई वर बसलीय. तुमच्या बाइकला पाना लावला तर मला घरात घेणार नाही ती.

दाजी : घर तुझं आहे!

मिस्त्री : होतं. आठवडा झाला, टीव्हीचा रिमोट दिसलेला नाही मला.

दाजी : मग पाठव ना तिला परत.

मिस्त्री : पाठव काय? ती काय पार्सल आहे? आणि दाजी, हे सुटे पार्ट तुम्ही कशात भरून आणलेत?

दाजी : पिशवी सापडेना, म्हणून उशीचा अभ्रा घेतला.

मिस्त्री : ताईनं स्वतः भरतकाम केलेला अभ्रा आहे हा! फुलंबिलं काढून. सगळा ऑइलनं माखलाय.

दाजी : मेलो. लपव तो कुठंतरी.

मिस्त्री : आता हा जुना कॅमशाफ्ट बघा, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. हात लावा... त्या हातानं नाही, दुसऱ्यानं! हे उंचवटे बघा, पार झिजलेत. इंजिनात ऑइलच नव्हतं. कितीतरी महिने टकटक येत असणार.

दाजी : मला तर कधी ऐकू आली नाही.

ताई : (दारातून) मला येत होती.

मिस्त्री : घ्या. आली.

ताई : मी कपाटाची किल्ली न्यायला आलेय. बाकी माझं काही काम नाही इथं.

दाजी : अगं, थांब ना! मला उठता येत नाही, ही चेन...

ताई : उठता येत नाही? बरं झालं. मग ऐकच आता. कितीदा सांगितलं होतं मी, गाडी टकटकतेय म्हणून? काय म्हणायचास?

दाजी : आता ते कशाला...

ताई : 'तुझे कान वाजतायत' म्हणायचास! आणि पुलावर बंद पडली तेव्हा? मुलाखतीला जायचं होतं मला. वर्षभर जीव तोडून अभ्यास केला होता त्या जागेसाठी. रिक्षावाला स्वतः होऊन थांबला, आणि तू त्याला हाकललंस!

दाजी : मला वाटलं, आता चालू होईल.

ताई : तुला वाटलं, की झालं. किकवर किक, किकवर किक! मी पोचले तेव्हा ते लोक कुलूप लावत होते.

दाजी : अगं, बोट गेलं माझं...

मिस्त्री : सोडू नका! ताई, भांडण राखून ठेव, आधी कॅम बसू दे. दाजी, मॅग्नेटच्या चाकावरची 'टी' अक्षराची खूण खाचेसमोर आहे ना?

दाजी : आहे.

मिस्त्री : बघून सांगा.

दाजी : आहे रे!

मिस्त्री : बरं. नवा कॅम ऑइल चोपडून घाला, कोरडा नको. आता चेन चढवा. आवळा बोल्ट. आता पान्यानं इंजिन हळूहळू हातानं फिरवायचं. अडलं तर जागच्या जागी थांबायचं.

दाजी : फिरतंय... फिरतंय... जरा जड लागतंय. नवीन आहे ना. थोडा जोर दिला की...

मिस्त्री : दाजी! प्लग काढलेला आहे, जड लागायचं कारणच नाही! आत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. जोर लावलात की वाकलाच.

ताई : लावणार तो. लावल्याशिवाय चैन पडायचं नाही त्याला.

दाजी : थांबलोय मी.

ताई : काय?

दाजी : थांबलोय. हे बघ, हात काढला.

मिस्त्री : देवा! आता उलटं फिरवून होतं तिथं आणा, मग खूण बघा. नीट.

दाजी : ही... एफ आहे. टी पुढं आहे.

मिस्त्री : आणि 'आहे रे' म्हणून ओरडलात माझ्यावर! चेनही दोन दात सरकलीय ती वेगळीच. काढा परत सगळं.

दाजी : काढतो. चुकलं माझं. खूण न बघताच बोललो. आणि त्या दिवशीही, रिक्षा... तुला विचारलंसुद्धा नाही मी. चुकलं गं.

ताई : बोट बघू. काळंनिळं पडलंय की! सरक तिकडे. चेन मी धरते, तू खूण बघ.

मिस्त्री : ताई, साडी! ऑइल लागेल.

ताई : अभ्र्याला लागलंच आहे ना? दिसतंय मला. तू गप्प बस.

दाजी : टी आली. समोरासमोर. तू पण बघ ना एकदा.

ताई : हो. आली.

मिस्त्री : फिरवा आता. आणखी एक फेरी. अडतंय?

दाजी : नाही. लोण्यासारखं फिरतंय.

मिस्त्री : मग बंद करा झाकण, लावा प्लग, ऑइल भरा, टाकी चढवा आणि मारा किक. सुटलो एकदाचा!

दाजी : पहिल्या किकला चालू! ऐकलंस? पहिल्या किकला! चल, बस मागे. घरी जाऊ.

ताई : नाही.

दाजी : नाही काय? अगं, आता तर सगळं...

मिस्त्री : दाजी.

दाजी : ...बरं.

ताई : त्या लोकांना पुन्हा फोन केला होता मी. परवा बोलावलंय त्यांनी. इथूनच जाणार आहे, बसनं.

दाजी : मी सोड... नाही. बरं. बसनं जा. घ्यायला आलो तर चालेल?

ताई : ऑफिसच्या फाटकाबाहेर थांबायचं. आत येऊन 'अजून किती वेळ' म्हणून कुणाला विचारायचं नाही.

दाजी : नाही विचारणार. कितीही वेळ लागू दे.

ताई : मग झाडाखाली थांब. फाटकापाशी दुपारचं ऊन फार असतं.