भस्माच्या रेघा

परळीहून निघालेल्या बसबाहेर वीज केंद्राच्या राखेचं पांढुरकं धुकं होतं आणि झाडं त्यातून तरंगत मागे जात होती. माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं नातीच्या बारशाला निघालं होतं.

“अहो, इकडं बघा. कपाळावरचं भस्म वाकडं झालंय.”

“आरसा जुना हाय.”

“आरसा चाळीस वर्षं जुनाच हाय. रेघा आज घसरल्यात.”

“हात जरा जड झालता. कालच्यासारखा.”

“काल मीच पुसून नीट वढून दिल्या. लई येडी मी. हसा बरं.”

“बसमधी? लोक काय म्हणतील?”

“लग्नात न्हाई हसलात, आता तरी हसा.”

“हे घे.”

“एकाच बाजूनं हसायलात तुमी! कंडक्टर दादा, आमी फाट्यावर उतरत न्हाई. सरळ अंबाजोगाई. मोठ्या दवाखान्यात.”

“अगं, बारसं हाय! कालबी घटकाभरानं गेलतं की.”

“गेलतं, मग आज परत कावून आलं? नात कुठं पळून जायलीय?”

फाट्यावर त्यांना न्यायला कुणीतरी उभं होतं. बस त्याच्यासमोरून, स्वप्नात जाते तशी, न थांबता गेली.

माझे आप्पा अर्धांगाच्या झटक्यानं गेले, त्याआधी आठवडाभर त्यांच्या सदऱ्याची बटणं मीच लावून देत होते.

“बरं, रुमाल तरी दे. डॉक्टरपुढं असं ध्यान घेऊन जाऊ व्हय? कपाळ पुसतो.”

“हात लावू नका. तसंच दाखवायचं.”