आमची हरकत नाही

बायको : म्हणजे तुम्हीच हो म्हणालात?

वकीलबाई : हो. कंपनीच्या वकिलांनी तारीख मागितली. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमची हरकत नाही.

बायको : आज यांची साक्ष होती! सकाळपासून बूट घालून बसलेत. गाडी दारात उभी, आणि तुमचा फोन, येऊ नका!

कामगार : अगं, हळू. तू ओरडतेस... दम मला लागतो.

बायको : तुम्ही पडून राहा. का म्हणालात, बाई?

वकीलबाई : तोंडून निघून गेलं. सगळी वकिली कंपन्यांच्या भांडणात गेली. आमच्यात तारखेला कुणी अडवत नाही. आज त्यांना हवी, उद्या आपल्याला लागते.

बायको : फुकटचा वकील, दुसरं काय!

वकीलबाई : फी घेऊनही हेच केलं असतं. तिथे दोन्हीकडे कंपन्याच असतात. कंपनीला दम लागत नाही.

कामगार : पुढची तारीख?

वकीलबाई : कोर्टाच्या सुट्टीनंतर. दोन महिने.

कामगार : डॉक्टर पंधरा दिवस म्हणतो. त्याच्याकडूनही... वाढवून घ्या की.



वकीलबाई : साक्ष इथे घरीच घ्या, असा अर्ज लिहिलाय. समोरच्या वकिलांना म्हटलं, तुम्ही अडवू नका. म्हणाले, कंपनीला विचारतो. आता फोन उचलत नाहीत.

बायको : घ्या! हीच का तुमची उद्याची परतफेड?

कामगार : मी सांगतो, तुम्ही लिहा. दगड दळताना पंखे बंद ठेवायचे. भुकटी उडून जाते, नुकसान होतं म्हणून. ती सगळी आमच्या छातीत गेली. साहेब स्वतः येऊन... बटण बंद करायचा. मी पाहिलंय.

वकीलबाई : लिहीन. पण समोरच्या वकिलाने उलट प्रश्न विचारल्याशिवाय कोर्ट ते धरणार नाही.

कामगार : बरोबरचे सगळे गेले. मीही गेलो, तर पंखे बंद होते हे कोण सांगणार?

वकीलबाई : कुणी नाही.

कामगार : मग त्यांच्या बायकांना?

वकीलबाई : काही मिळणार नाही. त्यांनाही नाही, तुमच्या बायकोलाही नाही.

बायको : पाणी घ्या, बाई. तुमचाही घसा सुकलाय.

वकीलबाई : नको. उद्या कोर्ट उघडायच्या आधी न्यायाधीशांच्या दाराशी जाऊन उभी राहते. हो म्हणाले, तर साक्ष लिहून घेणाऱ्या त्यांच्या माणसाला घेऊन तशीच इकडे येते; समोरच्या वकिलांनाही यावंच लागेल.

बायको : इकडे निघण्याआधी फोन करा, हे आहेत का विचारा. उगाच चार जिने चढाल.