ट्रकभोवती वाघाचे पंजे

चोरापासून ट्रक वाचवायचा असन, तं आमच्या बाबाले विचारू नका. सिंदेवाहीकडे जुने ट्रक चोरीले जाऊन राह्यले होते, अन् आमचं घर बाबाच्या एका जुन्या ट्रकवरच चालते. म्हणून बाबानं चिखलात मूठ अन् बोटं दाबून ट्रकभोवती वाघाचे पंजे काढले. चोर तं सोडा, कुत्रंबी फिरकलं नाई.

सकाळी पंज्याची खबर लागून फॉरेस्ट गार्ड आला. त्यानं ट्रकभोवती दोरी बांधली, कॅमेरा लावला.

"वाघ गेल्याचं दिसल्याशिवाय ट्रक हलवायचा नाई."

बाबा म्हणे, "साहेब, ते पंजे मीच काढले."

गार्ड वाकून पंजे पाहून राह्यला. "हे वाघिणीचे हायत. तुमी वाघीण हाय काय, भाऊ?"

बाबा दोरीबाहेर मटकन बसले. "चोरानं नेला असता, तं पोलिसात रिपोर्ट तरी देता आली असती."