सातही बरण्यांत निघालेला

—नाही नाही साहेब, झाकण नका उघडू, मॅडम येतीलच इतक्यात. त्यांचा लेख छापायच्या आधी तपासायला तुम्ही येणार, हे माहीत होतं मला. ह्याच त्या सात बरण्या. समुद्राच्या तळाचा चिखल, चार-चार किलोमीटर खोलीवरचा! आमचं जहाज दोन महिने फिरलं, सात ठिकाणी थांबलं — आणि दर ठिकाणचे सूत्रकृमी निराळे. केसाहून बारीक असतात हो, पण ओंजळभर चिखलात पन्नास-साठ जाती, आणि इथली जात तिथं शपथेला सापडायची नाही. आमच्या गल्लीत बघा, सगळे एका माळेचे मणी! फक्त एक पठ्ठ्या सातही बरण्यांत निघाला, शेपटीला गाठ असलेला. मॅडम त्याला माझं नाव देणार आहेत — चिखल मी गाळला ना! सातवीत शाळा सुटली माझी, आणि आता पुस्तकात नाव. आई गल्लीभर सांगत सुटलीय, सातासमुद्रापार माझ्या लेकाचं नाव. मावशी म्हणाली, किड्याला नाव दिलं त्यात कसला गं मान? आई म्हणाली, तुझ्या लेकाच्या नावाला तर किडासुद्धा तयार होणार नाही. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत.

काय म्हणालात? बिनपायाचा जीव एवढ्या लांब गेला कसा? — प्रवाहाबरोबर, मॅडम म्हणतात. चाळणी? एकच होती की. दर वेळी दहा मिनिटं धुवायची, उजेडात धरून बघायची, असा नियमच आहे. धुतली ना! चांगली पंधरा मिनिटं धुतली — पहिला चिखल गाळायच्या आधी. नंतर? नंतर जहाज असं डुलायला लागलं साहेब, पोटात पाणी ठरेना — एका हातात चाळणी, दुसऱ्या हातात बादली, धुणार कोणत्या हातानं? आणि बादली सोडली असती तर... म्हणजे चिखलाचं सोडाच...

थांबा. म्हणजे तो पहिल्याच ठिकाणचा, शेपटीच्या गाठीनं चाळणीत अडकलेला — आणि बाकी सहा ठिकाणी त्याला मीच फिरवून आणला?

लिहू नका हो. एक मिनिट. एकाच ठिकाणचा असला तरी जात नवीच ना? हां. पण मॅडम चिडल्या तर नाव देतील का — ते तुम्हाला तरी काय ठाऊक म्हणा.

बरं, लिहा. पहिल्या चिखलानंतर चाळणी धुतली नव्हती. कुठे, इथे सही करू?

आल्या वाटतं मॅडम. त्यांना मीच सांगतो — तुम्ही जरा बाहेर बसा साहेब, परक्या माणसासमोर मला एक शब्द बोलता येत नाही.