आढ्याला न टेकणाऱ्या भिंती

संयोजिका : आणि ही वरची फट बुजवून घ्यावी लागेल, मावशी. सुतार आजच्या आज मिळेल ना?

मालकीण : सुतार मिळेल. फट बुजणार नाही.

संयोजिका : प्लायवूडचे चार तुकडे लावायचेत फक्त. तीन दिवसांनी काढून टाका. खिळ्याचं भोकसुद्धा राहणार नाही.

मालकीण : मॅडम, या घरातली एकही भिंत आढ्याला टेकत नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी मुद्दाम हातभर कमी ठेवल्या. खाऱ्या हवेत वारा अडला, की आठ दिवसांत गाद्यांना बुरशी.

संयोजिका : आम्ही तीनच दिवस आहोत.

दीर : वहिनी, तीन दिवसांत खरंच नाही येत बुरशी. मी आणतो सुताराला बोलावून.

मालकीण : भाऊजी, मासे साफ करून झाले?

दीर : झाले.

मालकीण : मग कांदे सोला.

दीर : तेही झाले. उद्या सव्वीस माणसं जेवायची आहेत. सकाळपासून दुसरं काय करतोय मी?

मालकीण : मग थांबा इथेच. पण मधे बोलू नका.

संयोजिका : हे बघा, बाकी सगळं मी मान्य केलं. साहेबांना स्वतंत्र बाथरूम नाही, चालेल. सगळ्यांनी एकाच लांब टेबलावर जेवायचं, चालेल. खोल्यांना कुलपं नाहीत, तेसुद्धा चालेल. पण कंपनीची सहल असली तरी मला एक बंद खोली लागणारच.

मालकीण : कशाला?

संयोजिका : एकेकाशी बोलायला. मोकळेपणानं. पुढची वाटचाल वगैरे.

मालकीण : सव्वीसच्या सव्वीसांशी?

संयोजिका : नाही. सहा जणांशी.

मालकीण : बाकीच्या विसांना पुढची वाटचाल नाही?

संयोजिका : तो आमचा अंतर्गत विषय आहे.

मालकीण : मघाशी तुम्ही या खोलीत येरझाऱ्या घालत होतात. मी शेजारी चादरी घालत होते.

संयोजिका : फोनवर होते मी.

मालकीण : फोनवर माणूस मधेमधे थांबतो, समोरच्याचं ऐकतो. तुम्ही एकच वाक्य सहा वेळा म्हणालात. ‘हा निर्णय तुमच्या कामाबद्दल नाही.’ चौथ्या वेळी त्यात ‘दुर्दैवानं’ घातलंत. पाचव्या वेळी काढलंत.

संयोजिका : तुम्ही पाहुण्यांचं बोलणं चोरून ऐकता?

मालकीण : ऐकत नाही, ऐकू येतं. म्हणून तर आल्या आल्या प्रत्येकाला सांगते, भांडायचं असेल तर वाळूवर जा. तुम्हालाही सकाळी सांगितलं. तेव्हा तुम्ही पंखे मोजत होतात.

दीर : नवीन लग्न झालेल्यांना मात्र मी सांगतो. वहिनींना संकोच वाटतो.

मालकीण : भाऊजी.

दीर : राहिलं.

संयोजिका : ठीक आहे. लपवण्यात आता अर्थ नाही. सहा जणांना कमी करायचंय.

दीर : जेवणातून? आधी सांगायचं ना, मी सव्वीसांचं...

संयोजिका : नोकरीतून, काका.

मालकीण : कधी सांगणार त्यांना?

संयोजिका : परवा संध्याकाळी. होडीची फेरी झाली की.

मालकीण : म्हणजे उद्या येणार, खेळणार, गाणार. परवा होडीतून फिरून येणार. आणि मग एकेकाला या खोलीत बोलावणार.

संयोजिका : सगळे वेगवेगळ्या शाखांतले आहेत, एरवी एका जागी भेटत नाहीत. आणि साहेबांचं म्हणणं, समुद्राकाठी माणूस निवांत असतो, नीट ऐकून घेतो.

मालकीण : आणि ऐकून घेतल्यावर? बस तेरवा जाणार. त्या सहा जणांनी बाकीच्या विसांबरोबर रात्र कशी काढायची?

संयोजिका : त्यांच्यासाठी वेगळी गाडी सांगितली आहे.

मालकीण : कधीची?

संयोजिका : पहाटेची. बाकीचे उठायच्या आत.

मालकीण : वा. चोराला काढतात तसं.

संयोजिका : तसं नाही.

मालकीण : मग कसं, ते सांगा. मी ऐकते.

संयोजिका : मला माहीत नाही, मावशी. मला एवढंच सांगितलंय.

मालकीण : तो रस्सीखेचवाला आहे का सहांत?

संयोजिका : कोण?

मालकीण : खेळांचं बघतोय तो. मला चार फोन केले त्यानं. वाळू घट्ट कुठे असते, दोर किती हात लांब मिळेल. काल विचारत होता, आमच्यात एक बाई गुडघ्यानं अधू आहेत, त्यांना पंच केलं तर बसायला सावली आहे का. भाऊजी दुपारच्या उन्हात जाऊन जागा बघून आले.

दीर : सुरूच्या झाडाखाली. खुर्चीसुद्धा नेऊन ठेवली.

मालकीण : आहे की नाही तो?

संयोजिका : आहे.

दीर : आणि गुडघेवाल्या बाई?

संयोजिका : त्याही.

दीर : मरू देत ते सोललेले कांदे.

मालकीण : मग आता माझं ऐका. या घरात परवा कुणाची नोकरी जाणार नाही. जे सांगायचं ते आज सांगा. सहा फोन आहेत. ज्यांना ऐकूनही यावंसं वाटेल त्यांनी यावं, त्यांच्या गाद्या घातलेल्या असतील. ज्यांना नको वाटेल ते निदान आपल्या घरात, आपल्या माणसांत असतील.

संयोजिका : तुम्ही जागा देता, मावशी. कंपनी कशी चालवायची हे तुम्ही नाही ठरवू शकत.

मालकीण : कंपनीतलं मला काही कळत नाही. ताटावर बसवलेल्या माणसाला उठवायचं नसतं, एवढं कळतं.

दीर : वहिनी, एक शब्द बोलू?

मालकीण : बोला.

दीर : चार महिने घर रिकामं आहे. पुढच्या दोन सहलीही याच मॅडम ठरवणार आहेत. आणि मागच्या बाजूची कौलं यंदा बदलायची म्हणत होतो आपण.

मालकीण : माहीत आहे.

दीर : माहीत असून अडून बसताय ना, तेवढं बघायचं होतं. मग माझं काही म्हणणं नाही.

संयोजिका : तुम्हाला काय वाटतं, मला आवडतंय हे? दोनदा बोलले मी साहेबांशी. दोन्ही वेळा म्हणाले, तारीख ठरली. तिसऱ्यांदा बोलले असते तर सहाचे सात झाले असते.

मालकीण : मग तुम्ही बोलू नका. माझं नाव सांगा. म्हणावं, बाई अडून बसलीय. जुन्या वळणाची आहे, डोकं फिरलंय तिचं. सगळं खापर माझ्यावर फोडा. उद्या सव्वीस माणसांना दुसरीकडे जागा मिळते का, ते बघू दे त्यांना.

संयोजिका : नाही मिळणार. सुट्ट्या लागल्यात.

मालकीण : तेही मला माहीत आहे.

दीर : मॅडम, करा फोन. यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आमचे बाबा शेवटी शेवटी यांना विचारून खोकायचे.

(संयोजिका फोन लावते. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

संयोजिका : सर, जागेची एक अडचण आहे... नाही, खोल्या उत्तम आहेत. पण मालकीणबाई परवाची बोलणी इथे होऊ देणार नाहीत... हो, कळलंय त्यांना... मी नाही सांगितलं, सर. इथल्या भिंती वरपर्यंत नाहीत... वरपर्यंत नाहीत म्हणजे नाहीत, सर, आता काय सांगू... एक मिनिट. मावशी, सर विचारतात, लेखी करार झालाय ना?

मालकीण : झालाय. त्यात सव्वीस जणांना जेवण आणि अंथरूण लिहिलंय. ते सव्वीसांना मिळेल. दुसरं काही लिहिलेलं नाही.

संयोजिका : ऐकलंत, सर?... नाही, त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत... कुठेच मिळणार नाही, मी बघितलंय... सर, खरं सांगू का? मला त्यांचं पटतंय... हो. तिसऱ्यांदा म्हणतेय, मला माहीत आहे... आजच. मी करते... मेल नको, मी स्वतः बोलते... माझं काय ते आल्यावर बघा. ठेवते.

दीर : काय म्हणाले?

संयोजिका : म्हणाले, करा काय करायचं ते, पण निस्तरायचं तुम्ही. आणि पुढच्या दोन सहली इथे होणार नाहीत.

मालकीण : बरं.

दीर : नुसतं बरं?

मालकीण : मग काय गाणं म्हणू? यंदाही गळतीखाली पातेली मांडू. दहा आहेत आपल्याकडे.

दीर : आठ. दोनांना भोकं पडलीत.

मालकीण : मग आठ. चला खाली. हिला बोलू दे.

संयोजिका : मावशी, ते पाठ केलेलं आता माझ्या तोंडून नाही निघणार. सुरुवात काय करू?

मालकीण : पहिला फोन कुणाला करतेस?

संयोजिका : एक मुलगी आहे. तिची मुलाखत मीच घेतली होती. दोन वर्षांपूर्वी.

मालकीण : तिची आई आहे का घरात? कुणी आहे सोबत?

संयोजिका : आई आहे. नेहमी तिच्याबद्दल बोलते.

मालकीण : मग घरी असेल तेव्हाच गाठ तिला. आणि रडली तर घाईनं काही बोलू नकोस. फोन धरून ठेव. ती सोडेपर्यंत तू सोडायचा नाही.

संयोजिका : आणि चिडली तर?

मालकीण : तरी तसंच.

दीर : मी पाणी आणून ठेवतो दाराशी. हाक मारत नाही.

संयोजिका : हॅलो... हो, मीच. नाही, उद्याची वेळ तीच आहे, ती बदललेली नाही. घरी पोचलीस का?... बरं झालं. ऐक ना, बॅग भरत असशील तर जरा थांब. आधी मला तुझ्याशी बोलायचंय.