आवाज नाही म्हणून

आमच्या क्युशूच्या डोंगरातली आगगाडी पुरात गेली ती गेलीच. रूळ उखडून आता तिथे विजेची बस धावते. काल तिच्या थांब्यावर माझ्या पुढे चिझुको आणि मित्सुए उभ्या होत्या.

“अगं मित्सुए, काल माझ्या सासूबाई बसखाली यायच्या राहिल्या!”

“काय सांगतेस, चिझुको!”

“सासऱ्यांच्या समाधीवर फुलं वाहायला निघाल्या होत्या. रुळांच्या जागी आल्यावर थांबून कान दिला, जन्माची सवय. गाडीचा आवाज नाही म्हणून निघाल्या रस्त्याच्या मधूनच.”

“आणि बस?”

“त्यांच्या पाठीशी, वीतभर अंतरावर! मी आतच बसले होते.”

“त्या मेल्या ड्रायव्हरने हॉर्न नाही वाजवला?”

“म्हणे, म्हातारं माणूस दचकेल. हळूहळू मागून येत राहिला. सासूबाई पाठ सरळ करायला थांबल्या, तर हाही थांबला.”

“मग त्यांना सांगितलंस ना?”

“कसं सांगू? कळलं तर धसक्याने घराबाहेर पडायच्या नाहीत. आणि रात्री जेवताना म्हणतात कशा, एवढा खर्च केला, पण त्या रस्त्यावर बस काही फिरकत नाही. ऊन छान येतं, उद्या मुळ्याच्या फोडी तिथेच वाळत घालते.”

“बाई गं! उद्या म्हणजे आज?”

“म्हणून तर जीव खालीवर होतोय. ही बस कुठे कडमडली?”

“मागेच आहे, बाई,” ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. “तुमचं बोलणं संपायची वाट बघतोय.”